जुन्या ट्रकच्या स्टिअरिंग पंपाचं सील पुन्हा पुन्हा का जातं

दसरा जवळ आला की मराठवाड्यातल्या गॅरेजांपुढं ट्रकांची गर्दी होते. उसाचं गाळप सुरू व्हायच्या आत गाडी तयार पाहिजे असते. पाटे, ब्रेक, टायर असं सगळं सांगून झालं की निघता निघता ड्रायव्हर म्हणतो, "मिस्तरी, स्टिअरिंगचं ऑइल पण गळायलंय, तेवढं सील टाकून द्या." हे "तेवढं सील" मग हंगामात दोनदा-तीनदा टाकलं जातं आणि पंपाखाली लाल थेंब तरी दिसतच राहतात. दरवेळी दुकानदाराच्या मालाला शिव्या बसतात. खरं तर सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी, आपोआप मरत नाही, त्याला काहीतरी मारत असतं. ते काय, हे शोधल्याशिवाय पंप खोलण्यात अर्थ नाही.

इथं बोलतोय ते जुन्या टाटा १६१३, २५१५ किंवा त्या पिढीतल्या लेलँडबद्दल. म्हणजे व्हेनचा (सरकत्या पात्यांचा) पंप, वेगळी टाकी आणि चेसीला बोल्ट केलेला पॉवर स्टिअरिंग बॉक्स. मॉडेलप्रमाणे पंपाची जागा आणि बोल्ट बदलतात, आतलं काम तेच असतं.

आधी धुवा, मग बोला

गळक्या पंपावर आपल्याकडची काळी माती बसते. तेल आणि मातीचा मिळून बोटभर जाडीचा थर होतो. तो वरून कोरडा आणि आतून ओला असतो. या थरामुळं गळती कुठून सुरू झाली ते कळतच नाही. तेल प्रेशर पाइपाच्या नटापाशी सुटतं, पंपाच्या अंगावरून ओघळतं आणि थेंब खाली पुलीजवळ पडतो. बघणारा म्हणतो, शाफ्टचं सील गेलं.

टाकीच्या झाकणावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा. पंप, टाकी, दोन्ही-तिन्ही पाइप आणि बॉक्सचा वरचा भाग डिझेल किंवा रॉकेलनं ब्रश मारून स्वच्छ करा, हवा मारून कोरडं करा. रॉकेल वाळलं की वर खडूची भुकटी किंवा टाल्कम पावडर भुरभुरवा. इंजिन सुरू करून पाच-सात मिनिटं आयडलवर ठेवा आणि वर बसलेल्याला स्टिअरिंग सावकाश डावीकडून उजवीकडं फिरवायला सांगा. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ जिथून निघेल तिथं गळती. रेघेचं वरचं टोक बघायचं, खालचं नाही.

एक गोष्ट अगदी पाळा. चालू इंजिनवर पाइपावरून हात फिरवून गळती शोधू नका. या ट्रकच्या पंपाचा दाब साधारण १०० ते १५० बारपर्यंत जातो आणि नेमका आकडा पंपाच्या नावाच्या पट्टीवर कोरलेला असतो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून त्या दाबानं सुटलेलं तेल कातडी फोडून आत शिरतं. वरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडायला लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा पुढं धरून फिरवा, पुठ्ठा ओला झाला की जागा कळते. तेल तसं लागलंच तर वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल गाठा आणि "दाबाचं तेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा.

रंगही बघा. स्टिअरिंगचं तेल, म्हणजे एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड), लाल असतं. जुनं झालं की तपकिरी होतं आणि करपल्यासारखा वास येतो. काळं तेल असेल तर ते इंजिनचं किंवा कंप्रेसरचं असू शकतं.

धुतल्यावर बऱ्याच गाड्यांत पंप निर्दोष सुटतो. गळती सापडते ती बँजो बोल्टच्या (पाइप पंपाला जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) तांब्याच्या वायसरपाशी, टाकीकडून येणाऱ्या सक्शन होसच्या ढिल्या क्लिपपाशी, टाकीच्या बुडाच्या वेल्डिंगला किंवा पंपाच्या मागच्या झाकणाच्या ओ-रिंगपाशी. यातलं पहिलं आणि दुसरं अर्ध्या तासाचं काम आहे.

बाहेर थेंब नाही आणि टाकी मात्र रिकामी

पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाची गळती निदान डोळ्यांना दिसते. गिअरवर चालणारा पंप जास्त फसवतो. कमिन्सच्या बी सिरीज इंजिनात पंप एअर कंप्रेसरच्या मागं लटकलेला असतो आणि कंप्रेसरमधूनच फिरतो. अशा पंपाच्या शाफ्ट सीलच्या एका बाजूला स्टिअरिंगचं तेल आणि दुसऱ्या बाजूला इंजिनचं तेल असतं. सील गेलं तरी जमिनीवर एक थेंब पडत नाही.

दोन उलट्या गोष्टी होऊ शकतात. एक, स्टिअरिंगच्या टाकीतलं तेल रोज कमी होतं आणि इंजिनच्या डिपस्टिकवर पातळी वाढते. मालक खूश असतो की इंजिन तेल खात नाही. तिकडं इंजिन ऑइलमध्ये एटीएफ मिसळून ते पातळ होतंय आणि बेअरिंगांची वाट लागतेय. दुसरी, पंपाची बाजू सक्शनची असल्यामुळं तो इंजिनचं तेल ओढतो. टाकी भरत जाते, काळी होते आणि झाकणातून उतू जाते. मग हे उतू गेलेलं तेल बघून "टाकी फुटली" म्हणून टाकी बदलली जाते. टाकीत लालऐवजी काळं तेल दिसलं आणि पातळी आपोआप वर चढत असली तर शाफ्ट सील गेलंय, यात शंका नको.

या दुसऱ्या प्रकारात इंजिनचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी नळी) नक्की तपासा. जुन्या इंजिनच्या रिंगा ढिल्या झाल्या आणि ब्रीदर पाइप चोंदलेला असला की चेंबरमधला (इंजिनच्या तेलाच्या भांड्यातला) दाब वाढतो आणि तोच इंजिनचं तेल सीलपलीकडं ढकलतो. ब्रीदर साफ न करता नवीन सील टाकलं तर तेही तसंच जाणार.

सीलला मारतं कोण

व्हेन पंपात शाफ्ट सीलवर पूर्ण दाब कधीच येत नाही. शाफ्टच्या बुशमधून (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीतून) जे थोडं तेल झिरपतं ते सीलमागच्या पोकळीत जमतं आणि तिथून एका बारीक भोकातून परत सक्शनच्या बाजूला जातं. बऱ्याच पंपांच्या बॉडीत हे भोक असतं आणि ते सहज नजरेतून सुटतं. त्यात माती, जुन्या रबराचा तुकडा किंवा कुणीतरी चोपडलेलं सिलिकॉन अडकलं की पोकळीत दाब साठतो आणि सील ओठ (शाफ्टला घासणारी रबरी कड) उलटून बाहेर फेकलं जातं. नवीन सील आठवड्यात जात असेल तर पहिला संशय या भोकावर.

दुसरा संशय बुशवर. बुश झिजला की शाफ्ट डुलतो. सीलचा ओठ डुलणाऱ्या शाफ्टला धरून राहू शकत नाही. पंप हातात घेऊन शाफ्टचं टोक वर-खाली हलवून बघा. हाताला खडखड जाणवली तर सीलचा खर्च वाया जाणार. पट्ट्याच्या पंपात बुश झिजायचं नेहमीचं कारण म्हणजे अति ताणलेला पट्टा. पट्टा किंचाळतो म्हणून ड्रायव्हर रस्त्यात टॉमीनं पंप ओढून जीव खाऊन आवळतो. दोन पुल्यांच्या मध्यावर अंगठ्यानं दाबल्यावर पट्टा साधारण १० ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे. किंचाळणारा पट्टा बहुतेक वेळा तेलकट तरी असतो नाहीतर पोटातून चमकायला लागलेला तरी. तो बदला, आवळू नका.

तिसरा मारेकरी उष्णता. आणि तिचा संबंध ऊस भरायच्या पद्धतीशी फार जवळचा आहे. फडात किंवा कारखान्याच्या यार्डात भरलेली गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग एका टोकापर्यंत पिळलं जातं. पुढची चाकं मऊ मातीत रुतलेली असतात, जागेवर ती फिरत नाहीत. पंप मात्र पूर्ण दाबावर जातो, आतला रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेच तेल पंपातल्या पंपात गोल फिरत राहतं. बॉक्सकडं काहीच काम न होता सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. त्यातही मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ वर असताना इंजिनखालची हवा आधीच भाजत असते. साधं नायट्राइल रबर १०० अंशांच्या आसपास कडक व्हायला लागतं. सील काढल्यावर त्याचा ओठ नखानं वाकवून बघा. तुकडा पडला तर ते भाजून मेलंय. गाडी फूटभर पुढं-मागं हलवत वळवली तर हा दाब बराच कमी येतो. पण यार्डात मागच्याचा हॉर्न चालू असताना हे कोण पाळणार, तो वेगळा प्रश्न.

चौथं कारण पंपाच्या बाहेर, पुढच्या एक्सलमध्ये दडलेलं असतं. किंगपिनमध्ये (पुढचं चाक ज्याच्यावर वळतं त्या पिनमध्ये) ग्रीस गेलेलं नसतं, निपल मातीनं बुजलेलं असतं, थ्रस्ट बेअरिंग घासून गेलेलं असतं. पॉवर स्टिअरिंग असल्यामुळं ड्रायव्हरला हे कळत नाही, कारण तो जडपणा पंप गिळतो. पंप मग सरळ रस्त्यावरही जास्त दाबावर राबत राहतो. तपासायचं असेल तर पुढचा एक्सल जॅकवर उचला, ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडं येणारा दांडा) सोडा आणि चाक हातानं डावीकडं-उजवीकडं ढकला. एका माणसाला ते हलत नसेल तर आधी किंगपिन करा, पंपाकडं नंतर बघू. पुढच्या टायरांची हवा कमी असणं हेही याच माळेतलं.

काढणं आणि खोलणं

लागणारं सामान असं. पंपाच्या मॉडेलचा सील किट, बँजोचे तांब्याचे वायसर, टाकीतला फिल्टर, एटीएफचा पाच लिटरचा कॅन, नवीन होस क्लिप, गिअरवर बसणारा पंप असेल तर माउंटिंगचं गॅस्केट आणि पट्ट्याचा असेल तर पट्टा. हत्यारांत रिंग पाने, गोट्या (सॉकेट), सर्क्लिप प्लायर, तीन पायांचा पुलर, व्हर्निअर. कोणतं तेल घ्यायचं ते गाडीच्या पुस्तकात बघा. या पिढीच्या बहुतेक गाड्यांत डेक्स्रॉन-२ दर्जाचं एटीएफ चालतं. हायड्रॉलिक ऑइल स्वस्त मिळतं, किंवा शिल्लक पडलंय म्हणून इंजिन ऑइल ओतलं जातं. दोन्ही टाळा. इंजिन ऑइल थंडीत घट्ट राहतं, सकाळी पंपाला तेल मिळत नाही आणि व्हेन कोरड्या घासतात.

टाकीतलं तेल सक्शन होस सोडून स्वच्छ ट्रेमध्ये काढा. ट्रेच्या तळाला चमचम दिसली तर ती धातूची भुकटी आहे आणि पंप आतून गेलेला आहे, सील किटवर पैसे घालू नका. सोडलेल्या प्रत्येक पाइपाच्या तोंडात बूच किंवा स्वच्छ प्लास्टिक कोंबा. चिंधी नको, तिचे धागे व्हॉल्व्हमध्ये जातात.

पुली पुलरनंच काढायची. हातोड्यानं ठोकली तर तो ठोका शाफ्टवरून थेट रोटर आणि प्रेशर प्लेटवर बसतो. पंप बाहेरून चालू होता तसा दिसतो आणि बसवल्यावर आवाज करायला लागतो. गिअरच्या पंपात पुली नसते, मागचे बोल्ट सोडून पंप सरळ मागं ओढायचा. मधली कपलिंग खाली पडून हरवते, तिच्यावर लक्ष ठेवा. कपलिंगचे दात खाल्लेले असतील तर तीही बदला.

पंप शिकंजात धरताना जबड्यांना तांब्याचे किंवा लाकडाचे तुकडे लावा. ओतीव बॉडीला एक चीर पडली की सगळा खेळ संपला. मागच्या झाकणाचा सर्क्लिप बॉडीतल्या बारीक भोकातून पंच घालून उचकटता येतो. झाकणामागं स्प्रिंग असते, ती तोंडावर उडते, म्हणून झाकणावर हाताचा दाब ठेवून सर्क्लिप काढा. मग क्रमानं प्रेशर प्लेट, कॅम रिंग (व्हेन जिच्या आतून घासत फिरतात ती कडी), रोटर आणि व्हेन निघतात. निघताना प्रत्येक तुकड्याची वरची बाजू मार्कर पेननं खुणवा आणि त्याच क्रमानं कागदावर मांडा. मोबाइलवर फोटो काढला तर आणखी चांगलं, हे सगळ्यांनाच माहीत असतं आणि कुणीच काढत नाही.

आता निर्णयाची वेळ. कॅम रिंगच्या आतल्या पृष्ठभागावरून नख फिरवा. लहरी, खाचा लागल्या तर त्या पंपाला सील टाकणं म्हणजे पैसे नाल्यात. प्रेशर प्लेटवर गोल ओरखडे खोल असतील तरी तेच. लेथवर प्लेट घासून आणणारे आहेत, पण तिथं मिलिमीटरच्या शंभराव्या भागातला फरक महत्त्वाचा असतो आणि घासलेली प्लेट गरम झाल्यावर दाब सोडते. फ्लो कंट्रोल व्हॉल्व्हचा स्पूल (आत सरकणारा दांडा) तेलात बुडवून आपल्या भोकात सोडा. तो स्वतःच्या वजनानं सरकत खाली गेला पाहिजे. अडकला तर १००० नंबरच्या ओल्या पेपरनं हलक्या हातानं पुसा आणि धुवा. तरी अडकत असेल तर तो व्हॉल्व्ह गेला. स्टिअरिंग अचानक जड, अचानक हलकं होतं ते याच्यामुळं.

सील आणि शाफ्ट

जुनं सील काढताना त्याच्या मागं आकडा घालून उचकटायचं, पण बॉडीच्या बोअरला ओरखडा पडू द्यायचा नाही. तिथं ओरखडा पडला की तेल सीलच्या बाहेरच्या कडेनं येतं आणि नवीन सील असूनही गळती तशीच.

सीलवर तीन आकडे असतात. उदाहरणार्थ २०-३५-७ म्हणजे २० मिलिमीटरचा शाफ्ट, ३५ चा बोअर आणि ७ ची जाडी. बाजारात हेच माप हब-गिअरबॉक्सच्या साध्या सीलमध्येही मिळतं आणि इथंच फसगत होते. साधं सील ०.३ ते ०.५ बारच्या पुढं तग धरत नाही. पंपासाठीच्या सीलचा ओठ आखूड आणि जाड असतो, तो थोडा जास्त दाब सोसतो. दोन्ही शेजारी ठेवून बघितली की फरक लगेच कळतो. साध्या सीलचा ओठ लांब, लवचीक. पंपाच्या सीलचा आखूड, ताठ. रबरही विचारून घ्या. काळं नायट्राइल चालतं, पण ऊसवाहतुकीच्या गाडीला व्हायटॉन घ्या. ते २०० अंशांपर्यंत टिकतं आणि किमतीतला फरक एका डिझेलच्या कॅनएवढाही नाही. गिअरच्या पंपात काही ठिकाणी दोन सीलं पाठीला पाठ लावून असतात, एक पंपाचं तेल अडवतं, दुसरं इंजिनचं. निघताना एकच निघालं तरी आत दुसरं शिल्लक नाही ना, ते चाचपून बघा.

शाफ्टवर जिथं ओठ घासतो तिथं चकचकीत पट्टा पडलेला असतो. नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तिथं खाच आहे आणि या खाचेवर कितीही महागडं सील टाका, गळणार. नुसता पट्टा दिसतो पण नख अडकत नाही, तर बारीक एमरी पेपरनं पॉलिश पुरे. पॉलिश मात्र शाफ्ट लेथवर फिरवत आणि पेपर एका जागी धरून करायचं. पेपर पुढं-मागं सरकवत केलं तर तिरक्या रेघा पडतात आणि शाफ्ट फिरताना त्या रेघा तेलाला बाहेर ढकलतात.

खाच असेल तर सील मूळ जागेपेक्षा एक-दीड मिलिमीटर बाहेर किंवा आत बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो. बोअरमध्ये तेवढी जागा हवी आणि ते परतीचं भोक झाकलं जाता कामा नये. जागा नसेल तर पातळ स्टीलची रिपेअर स्लीव्ह. तीही नाही मिळाली तर शाफ्ट बदलायचा. वेल्डिंग भरून लेथवर उतरवलेला शाफ्ट टाळा, तो वाकतो आणि कडकपणाही जातो. हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग केलेला चालतो. वाळूज, चिकलठाणा, जालना या एमआयडीसींच्या आसपास अशी कामं करणारी वर्कशॉप आहेत. तालुक्याच्या गावात मात्र शाफ्ट देऊन येणं-जाणं करण्यापेक्षा नवा पंप परवडतो.

बसवताना परतीच्या भोकातून पातळ तार घाला, हवा मारा, पलीकडून हवा येते ते बघा. सीलच्या ओठाला एटीएफ किंवा किंचित ग्रीस लावा. शाफ्टच्या चावीच्या खाचेवर किंवा स्प्लाइनवर (उभ्या दात्यांवर) पातळ टेप गुंडाळा, नाहीतर ओठ तिथंच कापला जातो आणि नवीन सील पहिल्याच मिनिटाला गळतं. स्प्रिंगची बाजू तेलाकडं. सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या व्यासाची गोटी किंवा पाइपचा तुकडा ठेवून सरळ दाबा. तिरपं बसलं तर काढून फेका, ठोकून सरळ करू नका.

व्हेनची गोल बाजू बाहेर, म्हणजे कॅम रिंगकडं, आणि सपाट बाजू आत. उलटी बसली तर पंप दाब देतो खरा, पण काही दिवसांत कॅम रिंग खाऊन टाकतो. कॅम रिंगवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो शाफ्टच्या दिशेशी जुळवा. ओ-रिंग सगळ्या नव्या, एटीएफ लावून. त्यांच्यावर सिलिकॉन किंवा एम-सील लावायची आपल्याकडं फार हौस आहे. लावू नका, तेच आत जाऊन भोकं बुजवतं.

पाइप

तांब्याचे वायसर नवे मिळत नसतील तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. तांबं मऊ होतं आणि पुन्हा बसतं. काळी पापुद्री घासून काढा. बँजोचे दोन वायसर असतात, एक वर, एक खाली. खालचा जुना पंपालाच चिकटून राहतो आणि त्याच्यावर नवा बसवला जातो. मग कितीही आवळा, गळतच राहतं.

सक्शनला पाण्याचा रबरी पाइप कधीही लावू नका. तेलानं तो आतून फुगतो, मऊ पडतो आणि पंपाच्या ओढीनं चपटा होतो. पंप कण्हायला लागतो. तेलाचाच होस घ्या. प्रेशर पाइप खराब असेल तर जेसीबीचे होस क्रिम्प करणाऱ्याकडं जा, ते आता बहुतेक तालुक्यांत आहेत. दोन वायरचा आर-२ प्रकार मागा. अर्ध्या इंचाच्या आर-२ ला २७५ बारचा कामाचा दाब चालतो, एका वायरच्या आर-१ ला १६० बार. पाइप सायलेन्सर किंवा टर्बोपासून लांब जाईल असा बांधा. तापलेल्या मॅनिफोल्डवर एटीएफची फवारणी झाली तर गाडी पेट घेते.

हवा काढणं

फिल्टर नवा टाका, टाकी आतून पुसा, झाकणाचं हवेचं भोक मोकळं करा. पुढचा एक्सल जॅकवर उचलून खाली टेकूच्या घोड्या लावा, मागच्या चाकांना ठोकळे द्या. टाकी भरा. इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश १५-२० वेळा फिरवा. पातळी खाली जात राहील, भरत राहा. टाकी एकदाही रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून.

पातळी स्थिर झाली की इंजिन आयडलवर सुरू करा. थोडं चालवा, बंद करा, पातळी बघा. पुन्हा सुरू करून स्टिअरिंग सावकाश फिरवा, टोकाला आपटू नका. टाकीत दुधाळ फेस दिसतो तोवर हवा आहे. फेस दिसत असताना रेस देऊ नका, हवा आणखी घोटली जाते. अशा वेळी इंजिन बंद करून अर्धा तास गाडी उभी ठेवली की फेस आपोआप वर येतो. हवा काढूनही रोज फेस येत असेल तर सक्शनच्या बाजूला हवा शिरतेय. होसची क्लिप, टाकीच्या नळीचा सांधा किंवा शाफ्ट सील यातलंच काहीतरी. सक्शनची गळती तेल बाहेर टाकत नाही, हवा आत घेते. म्हणून बाहेर कोरडं दिसलं तरी फसू नका.

गाडी खाली उतरवल्यावर दोन्ही टोकांना स्टिअरिंग नेऊन ऐका. टोकाला पंपाची किंकाळी येत असेल तर एक्सलचे स्टॉपर बोल्ट आणि बॉक्समधली लिमिट सेटिंग जुळत नाही. बॉक्सनं एक्सलचा बोल्ट टेकायच्या थोडं आधी दाब सोडला पाहिजे. पाटे वाढवले, टायरचा साइज बदलला किंवा बोल्ट हरवून भलताच टाकला की हे बिघडतं. टोकाला स्टिअरिंग पाच सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही.

पहिल्या १००-२०० किलोमीटरनंतर पट्टा, बँजो आणि क्लिपा पुन्हा आवळून बघा. काढलेलं तेल जमिनीवर ओतू नका, जुनं तेल घेणाऱ्याला द्या.

आणि पंपच बदलायचा ठरला, तर जुना पंप सोबत घेऊन जा आणि तीन गोष्टी जुळवा. पट्टीवरचा दाब, शाफ्टचा प्रकार आणि फिरण्याची दिशा. दिसायला हुबेहूब असलेले पंप डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही दिशांचे येतात. जुन्या बाजारातून घेताना तर दुकानदारासमोर शाफ्ट हातानं फिरवून, एका तोंडात तेल टाकून ते दुसरीकडून येतं का बघा. उलट दिशेचा पंप बसेल तंतोतंत, पण दाब देणार नाही.